टाक्यावरचं नाव आणि बोलायची जागा

बेडसे गाव मागे पडलं की लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात. चारशेच्या आसपास असतील. चढताना पवनेचं खोरं पाठीशी उघडत जातं, आणि वर पोचल्यावर समोर येते ती कातळातली एक चिंचोळी वाट. तिच्यातून आत शिरल्याशिवाय चैत्यगृहाचं दर्शनी रूप दिसत नाही. दिसतं तेव्हा नजर आधी खांबांवरून वर जाते. घंटेसारख्या शिरोभागांवर हत्ती, घोडे, बैल बसले आहेत आणि त्यांच्यावर जोडीजोडीने स्वार झालेले पुरुष आणि बायका. बायका कुणाच्या मागे लपलेल्या नाहीत. पुरुषांइतक्याच मोकळ्या अंगाने त्या जनावरांवर बसल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने त्यांना तसं बसवलं.

बेडशाला मी पुन्हा पुन्हा जातो तो मात्र त्या स्वारांसाठी नाही, शेजारच्या पाण्याच्या टाक्यासाठी. टाक्याच्या वर ब्राह्मी लिपीत एक लेख कोरला आहे. हे धर्मदान महाभोजाची मुलगी, महादेवी, महारठिनी सामडिनिका हिचं, आपदेवणकाच्या बायकोचं, एवढाच त्याचा आशय. बापाचं घराणं, नवऱ्याचं नाव, स्वतःचं पद आणि स्वतःचं नाव, सगळं त्या ओळीत आलं. मावळातल्या एका बाईने डोंगरात पाणी दिलं आणि तिचं नाव कातळावर राहिलं.

बेडशात आणखी दोन लेख आहेत. एक नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा. दुसरा एका छोट्या स्तूपाजवळचा. रानात राहणारा, भिक्षेवर जगणारा गोभूती नावाचा भिक्खू इथे होऊन गेला, त्याचा हा स्तूप त्याच्या शिष्याने उभारला. म्हणजे शेठ, राजघराण्यातली बाई आणि रानातला भिक्खू, तिघांनाही इथे जागा मिळाली. पण एक प्रश्न त्या टाक्याशी बसलं की दर वेळी मनात येतो. पावसाळ्याचे चार महिने भिक्खू इथे मुक्कामाला असत, खालच्या गावांतली माणसं वर येत, चैत्यगृहात जमत. तिथे उभं राहून बोलायचं कोण?

याचं एक उत्तर जवळच, कार्ल्यात कोरलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित याने दिला. तो धम्मुत्तरीय पंथाचा होता आणि लेखात त्याची ओळख ‘भाणक’ अशी दिली आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून ते लोकांपुढे म्हणणारा. ग्रंथ लिहिले गेले नव्हते तेव्हा धर्म अशाच माणसांच्या गळ्यात राहिला. त्याच कार्ल्यात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आहेत आणि आषाढमित्रा नावाच्या भिक्खुणीचं दान आहे. भाज्यात एका नांगरधाऱ्याच्या बायकोचं दान आहे. दात्यांची ही यादी वाचताना मन भरून येतं. परदेशी व्यापारी, शेतकऱ्याची बायको, घरदार सोडलेली भिक्खुणी, सगळ्यांचे पैसे एकाच डोंगरात खर्च झाले. भाणक म्हणून मात्र नाव दिसतं ते पुरुषाचं. भाज्यातल्या स्तूपांच्या रांगेवर ज्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं वाचता येतात, तीही पुरुषांचीच.

भिक्खुणी बोलत नव्हत्या असं नाही. कोकणातल्या कुडे लेण्यांत पदुमणिका नावाच्या प्रव्रजितेचं दान आहे. तिची आईही प्रव्रजिता, तिचे मामा थेर, आणि तिच्याबरोबर तिच्या शिष्येचंही नाव कोरलेलं आहे. शिष्या होती म्हणजे पदुमणिका शिकवत होती. मज्झिमनिकायात धम्मदिन्ना थेरी आपल्या पूर्वाश्रमीच्या नवऱ्याच्या अवघड प्रश्नांना एकामागून एक उत्तरं देते आणि बुद्ध तिच्या उत्तरांवर शिक्कामोर्तब करतो. पण चुल्लवग्गात भिक्खुणींसाठी आठ कडक नियम येतात. शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही आज दीक्षा घेतलेल्या भिक्खूपुढे उठून नमस्कार करायचा. भिक्खूने भिक्खुणीला उपदेश करायचा, भिक्खुणीने भिक्खूला नाही. बाईचं ज्ञान मान्य झालं, तिचं दानही मान्य झालं. वरून खाली वाहणारं बोलणं तेवढं पुरुषाकडे राहिलं. कार्ल्याच्या आणि बेडशाच्या कातळावर तेच दिसतं, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यातही.

* * *

मुंबईहून पुण्याला जाणारी वाट फार जुनी, बोरघाटातून चढून कार्ल्याच्या पठारावरून तळेगाव-वडगावकडे जाणारी. लेणी या वाटेच्या आजूबाजूला कोरली गेली ती व्यापारी तांडे तिथून जात म्हणूनच. १८३० मध्ये बोरघाटात गाड्या जाण्यासारखा रस्ता झाला. त्यानंतर मुंबईच्या माणसाने होडीतून पनवेल गाठायचं आणि तिथून पालखीने, टांग्याने किंवा पायी घाट चढायचा. रेल्वे घाट चढून पुण्याशी जोडली गेली ती १८६३ मध्ये. मधल्या तेहतीस वर्षांत या रस्त्याने किती धर्म वर चढून गेले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. स्कॉटिश मिशनचे पाद्री आले, अमेरिकन मिशनचे आले. त्यांतलेच डॉ. जॉन स्टीव्हन्सन यांनी १८५० च्या दशकात सह्याद्रीतल्या लेण्यांचे ब्राह्मी लेख वाचून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापले. दानकर्त्या बायकांची नावं दोन हजार वर्षांनी पुन्हा उच्चारली गेली ती अशी, परक्या देशाच्या धर्मोपदेशकाच्या तोंडून.

आणि १८५२ मध्ये एक वेगळाच पाहुणा पुण्याला आला. ह्यू फिंडले त्याचं नाव. स्कॉटलंडचा माणूस, वय तिशीच्या आसपास. सप्टेंबर १८५१ मध्ये तो मुंबईच्या बंदरात उतरला होता. तो मॉर्मन होता.

मॉर्मन पंथ तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात तो स्थापन केला. १८४४ मध्ये जमावाने स्मिथला ठार मारलं, आणि १८४७ मध्ये ब्रिगम यंगच्या मागे त्याचे अनुयायी अमेरिकेच्या पश्चिमेला, सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन वसले. या पंथात पगारी पाद्री नसतो. रविवारच्या सभेत सदस्यांतलंच कुणीतरी उठतं आणि बोलतं. वर्षातून दोनदा सगळ्या पंथाची महासभा भरते, त्यात पुढारी बोलतात. बोलणारा कोण, हा प्रश्न म्हणून त्या पंथात पहिल्यापासूनच फार नाजूक. गावच्या सभेत कुणीही उठावं अशी मोकळीक होती, आणि महासभेच्या व्यासपीठावर याजकपदाची उतरंड होती. याजकपद पुरुषांचं. त्यातही कोणत्या पुरुषांचं, हे ठरायचं बाकी होतं.

ते ठरलं नेमकं त्याच वर्षी. फेब्रुवारी १८५२ मध्ये यूटाच्या विधिमंडळापुढे ब्रिगम यंगने जाहीर केलं की आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद मिळणार नाही. त्याआधी सोळा वर्षं, १८३६ मध्ये, एलायजा एबल हा काळा माणूस त्याच पंथात रीतसर एल्डर, म्हणजे याजकपदाचा मानकरी, झाला होता. म्हणजे दार उघडं होतं आणि ते बंद केलं गेलं. इतिहासात असं बंद झालेलं दार मला नेहमी जास्त टोचतं, कारण पलीकडे कुणीतरी आधीच पोचलेलं असतं.

इकडे फिंडले पुण्याला आला तेव्हा त्याला आधी अडवलं ते लष्कराने. कॅम्पात गोऱ्या पलटणी होत्या, १८२५ पासूनचं सेंट मेरी चर्च होतं, आणि प्रत्येकाने कुठे राहायचं, कुठे बसायचं, कुणाशी बोलायचं याची घडी बसलेली होती. लष्करी हद्दीत या नव्या पंथाच्या माणसाला सभा घेऊ देणं अधिकाऱ्यांना नको होतं. त्याला हद्दीबाहेर पडावं लागलं. मला वाटतं, या हुसकावण्यानेच त्याच्या मंडळीचं रूप ठरलं. कॅम्पातल्या चर्चमध्ये तो उभा राहिला असता तर समोर फक्त गोरे शिपाई आणि त्यांच्या बायका असत्या. कॅम्प आणि शहर यांच्या मधल्या जगात त्याला जे श्रोते मिळाले ते मिश्र होते. सप्टेंबर १८५२ मध्ये त्याने पुण्याची शाखा स्थापन केली तेव्हा तिच्यात बारा-एक माणसं होती. काही युरोपियन, काही दोन्ही रक्तांची, काही इथलीच.

बारा माणसं म्हणजे पुण्याच्या मानाने काहीच नाही. पण त्या काळी एका खोलीत, एका प्रार्थनेला, गोरा शिपाई, अँग्लो-इंडियन आणि इथला माणूस शेजारी शेजारी बसले, ही साधी गोष्ट नव्हती. सोवळं-ओवळं फक्त आपल्याकडेच नव्हतं. कॅम्पातल्या गोऱ्यांचंही स्वतःचं सोवळं होतं, आणि दोन्ही सोवळ्यांमधली सीमा पुण्यात पक्की होती. ती ओलांडून ही बारा माणसं बसली. त्यांतल्या बायका बोलल्या का, इथल्या माणसाला कुणी उपदेश करायला उभं केलं का, हे कळलं असतं तर फार बरं झालं असतं. पण अशा मंडळीत नोंदी ठेवतो तो उपदेशक, आणि तो ऐकणाऱ्यांची संख्या लिहितो.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, २८ आणि २९ तारखेला, सॉल्ट लेकमध्ये खास महासभा भरली होती. तिच्यात हिंदुस्थानसाठी नवे मिशनरी नेमले गेले. त्याच सभेत ऑर्सन प्रॅटने पंथातली बहुपत्नीत्वाची चाल पहिल्यांदा जगापुढे उघड सांगितली. नेमलेले मिशनरी १८५३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला उतरले आणि ती बातमी त्यांच्याबरोबरच उतरली. मग जिथे जिथे मॉर्मन उपदेशक गेला तिथे तिथे आधी लग्नांचीच चौकशी. फिंडलेने मुंबईत उत्तरादाखल पुस्तिका छापल्या. १८५५ मध्ये मराठ्यांना उद्देशून, खऱ्या देवाविषयी, आणखी एक पुस्तिका काढली. त्याच वर्षी तो हिंदुस्थानातून निघून गेला आणि १८५६ मध्ये त्या पंथाचं हिंदुस्थानातलं पहिलं कामच थांबलं. घाटातून खाली उतरताना उजव्या-डाव्या हातांच्या डोंगरांत आपल्यासारख्याच भटक्या उपदेशकांची दोन हजार वर्षांची घरं आहेत, हे त्याच्या मनात आलं असेल का, कोण जाणे.

* * *

१८५२ च्या पुण्यात मात्र दुसरीच एक सभा गाजत होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती. पुढे महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. फिंडलेची शाखा स्थापन होऊन दोनेक महिने झाले होते. एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर, दोन्ही गोष्टी घडत होत्या आणि दोघांना एकमेकांची खबर होती असं मानायला आधार नाही.

त्या शाळांतून आलेला आवाज मात्र आजवर विझलेला नाही. मुक्ता साळवे, मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मिशनचं, अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेलं नियतकालिक. त्या पानावर एक मुलगी थेट देवाला विचारते की वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता. मराठीत धर्माविषयी अस्पृश्य मुलीने सार्वजनिक जागेत विचारलेला असा प्रश्न त्याआधीचा मला माहीत नाही. फिंडलेची मराठ्यांसाठीची पुस्तिका त्याच वर्षीची. एकाने देव कसा आहे ते समजावून सांगितलं, दुसरीने त्या देवाला प्रश्न विचारला. आज वाचायला घेतलं तर माणूस कुणाच्या शब्दांपाशी थांबतो, हे मी वाचकावर सोपवतो. मी स्वतः मुक्तापाशी थांबतो, दर वेळी.

हा प्रश्न विचारणारी मावळाच्या अंगणात तिच्याआधीही एक होऊन गेली होती. बेडशाच्या पूर्वेला, इंद्रायणीकाठी देहू. तुकोबांना गुरू मानून बहिणाबाई तिथे आल्या. त्या ब्राह्मण, गुरू कुणबी वाणी. नवऱ्याने त्यासाठी मारलं, देहूत मंबाजींनी छळलं. बाईच्या देहाला वेदांचा अधिकार नाही, मग मी परमार्थ कसा साधू, ही त्यांची तळमळ त्यांच्याच अभंगांत आहे. त्यांनी आपलं आयुष्य अभंगांत सांगितलं, हेच त्या काळात फार मोठं बोलणं होतं. त्याच काळात मिरजेच्या वेणाबाई समर्थांच्या संप्रदायात कीर्तनाला उभ्या राहत, असं परंपरा सांगते. उभ्या राहत, हा शब्द नीट ऐकण्यासारखा आहे. कीर्तन ऐकायला बाईला कुणी कधी मनाई केली नव्हती.

* * *

आता त्या बाईकडे यायचं जिने या सगळ्या भिंती एकाच आयुष्यात ओलांडल्या. पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना शास्त्र्यांपुढे जाब द्यावा लागला होता. आईने पुढे मुलीलाही शिकवलं. कुटुंब तीर्थातीर्थांतून फिरायचं, देवळात, घाटावर पुराण सांगून जे मिळेल त्यावर जगायचं. रमाबाई लहानपणापासून पुराण सांगत मोठ्या झाल्या. आईबाप दुष्काळात गेले, भाऊ गेला, नवरा गेला, आणि १८८२ मध्ये तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत ते दिवस आहेत. घराघरांत बायका जमतात, एक बाई पुराणिकासारखी बोलते, आणि माजघरातल्या वडीलधाऱ्या बायका रागाने धुमसतात.

पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात केवढा हलकल्लोळ झाला ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यानंतर इंग्लंडमध्ये जे झालं ते तितकं ठाऊक नाही, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मर्म तिथेच आहे.

चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात प्राचार्या डोरोथिया बील यांच्याकडे रमाबाई शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. हिंदुस्थानात नोकरीला जाणाऱ्या तरुण इंग्रजांना त्यांनी भाषा शिकवावी, असा विचार १८८५ मध्ये निघाला. त्यावर चर्चमध्ये चर्चा सुरू झाली. लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांचं मत मागवलं गेलं. दोघांनीही विरोध केला. एका हिंदुस्थानी विधवेने पुरुषांना शिकवलं हे तिच्या देशात कळलं तर तिथली तिची पत जाईल, असं त्यांचं म्हणणं.

रमाबाईंनी बीलबाईंना लिहिलेल्या पत्रांतून त्यांचं आश्चर्य आणि संताप दोन्ही दिसतं. माझ्या आईने तरुणांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकवलं तेव्हा माझ्या नवऱ्याने घेतली नाही, मग इंग्रज लोक ती का घेतात, असं त्या विचारतात. आणि दुसऱ्यांनी आपल्यासाठी निर्णय घ्यावेत हे त्या साफ नाकारतात. ज्या पुराणिकाच्या पोरीने कलकत्त्यात पंडितांपुढे संस्कृतात भाषणं केली, तिला कोणापुढे तोंड उघडायचं ते हजारो मैलांवर बसलेले दोन बिशप ठरवत होते. तिचा देश, तिची जात, तिचं विधवापण यांचा आधार घेऊन. बाई आणि हिंदुस्थानी, ही दोन्ही कारणं एकाच वाक्यात आली. तिने नवा धर्म स्वीकारला होता. त्या धर्माला तिचं बोलणं स्वीकारायला वेळ हवा होता.

असा वेळ किती लागतो ते मॉर्मनांच्या यूटात मोजता येतं. जोसेफ स्मिथची आई ल्यूसी मॅक स्मिथ १८४५ च्या महासभेत बोलली होती. तिच्यानंतर बायकांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या रिलीफ सोसायटीत घुमत राहिला, महासभेत फार क्वचित आला. एलायजा एबलचं दार उघडायला १९७८ चा जून उजाडावा लागला, म्हणजे सव्वाशे वर्षं. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९० मध्ये, ब्राझीलचे हेल्व्हेसियो मार्टिन्स हे वरच्या पुढाऱ्यांत आलेले पहिले काळे सदस्य ठरले. २००९ मध्ये केनियाचे जोसेफ सिटाटी आले. महासभेत बाईने उभं राहून प्रार्थना म्हणावी, एवढ्या साध्या गोष्टीला ६ एप्रिल २०१३ चा दिवस लागला. जीन स्टीव्हन्स यांनी ती म्हटली. सदस्य बायकांनी त्यासाठी पत्रं लिहिली होती, मागणी केली होती. पुढच्या वर्षी हाँगकाँगचे एक पुढारी त्याच व्यासपीठावरून स्वतःच्या कँटोनीज भाषेत बोलले. इंग्रजी सोडून इतर भाषेत बोललेला तो तिथला पहिला आवाज. २०१८ च्या एप्रिलमध्ये याच पंथाने बंगळूरला मंदिर बांधण्याची घोषणा केली.

या तारखा वाचताना मला यूटाची टिंगल करावीशी वाटत नाही. आमच्या घरातल्या तारखा तरी कुठे वेगळ्या आहेत? आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तनकार घडवणारी ही मोठी शाळा, आणि तिच्यात मुलं शिकली, मुली नाहीत. नारदाच्या गादीवर बाई उभी राहिलेली पाहायला मावळच्या गावांनाही फार वाट पाहावी लागली.

* * *

रमाबाई थांबल्या नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तोवर घाटात रेल्वे झाली होती. विधवा मुलींना घेऊन त्या गाडीने कार्ल्याच्या, बेडशाच्या डोंगरांजवळून वर आल्या. पुढे पुण्याच्याही पलीकडे, त्याच रेल्वेवर केडगावला, त्यांनी जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी. केडगावच्या या मुक्तीसदनात त्या काळी दोन हजारांच्या घरात माणसं होती. ब्राह्मण बालविधवा, कुणबी पोरी, अस्पृश्य मुली, आंधळ्या, टाकून दिलेल्या, मराठी बोलणाऱ्या, गुजराती बोलणाऱ्या, हिंदी बोलणाऱ्या. रमाबाईंनी त्यांना वाचायला शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं, शेती आणि विणकाम शिकवलं.

१९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींना विचारलं, रोज एकत्र येऊन प्रार्थना कोण करील? सत्तरेक मुली पुढे आल्या. आकडा वाढत गेला. जूनच्या अखेरीस जे झालं त्याची वर्णनं त्या वेळच्या मिशनरी पत्रांतून जगभर गेली. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना म्हणू लागल्या. रडत, ओरडत, तासन्‌तास. पुढे उभं राहून एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही घडीच तिथे मोडली. इंग्लंडमधल्या शिस्तीच्या उपासनेत वाढलेल्या कित्येकांना ते पाहवलं नाही. रमाबाईंनी मात्र मुलींना थांबवलं नाही. आपल्या मुलींनी इंग्रजी पद्धतीनेच देवाला हाक मारावी असं त्यांना वाटत नव्हतं. ज्यांनी कोणाच्याही दारात कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यांना त्यांनी बोलू दिलं.

मग मुलींचे जथे निघाले. आळीपाळीने, रोज, केडगावच्या आसपासच्या खेड्यांत. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, जातीने एकमेकींच्या ताटाला न शिवणाऱ्या घरांतून आलेल्या या पोरी एका जथ्यात चालत गावात जात, पारावर किंवा विहिरीजवळ उभ्या राहत, आणि बोलत. ऐकायला जमत ते त्याच गावचे पाटील, कुणबी, बायका, पोरं. १८८५ मध्ये ज्या कामापासून बिशपांनी रमाबाईंना अडवलं होतं, तेच काम वीस वर्षांनी त्यांच्या मुली उघड्यावर करत होत्या. लाहोरला किंवा मुंबईला विचारायला त्या गेल्या नाहीत.

मुक्तीसदनात काम करणाऱ्या अमेरिकन मिनी एब्रम्स यांनी या घडामोडींवर पुस्तक लिहिलं आणि त्याची एक प्रत दक्षिण अमेरिकेत, चिलीमधल्या वाल्पाराइसोला, आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे पाठवली. मैत्रिणीचा नवरा तिथे पाद्री होता. केडगावच्या मुलींची हकिगत नवरा-बायकोने वाचली, मंडळीला सांगितली, आणि १९०९ मध्ये त्या बंदरात जी प्रार्थनेची लाट उठली तिच्यातून चिलीतली पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दुष्काळातून आलेल्या त्या मुलींचा आवाज पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोचला. त्यांतल्या बहुतेकींची नावं कुठल्या टाक्यावर कोरलेली नाहीत.